गरम माप

उद्यमनगरात माझं लेथ, चौसष्ट सालचं,
साडेचार फुटी बेड.
हिरवा रंग टेलस्टॉकच्या बगलेत तेवढा उरलाय.
हँडव्हीलवरचे आकडे झिजून गेले,
अंगठ्याला पाठ आहेत.

बीड कापताना काळी भुकटी उडते,
नाकात, कानात,
डब्यातल्या भाकरीच्या पदरात.
पोलादाची साल निळी होऊन निघते,
कुरळी, चावरी.
पितळ सुया फेकतं.
आणि नायलॉन
शेवयांसारखं पांढरं, न तुटता येत राहतं,
चकाला गुंडाळत जातं
आणि बोट मागतं.
एकदा दिलंय थोडं.

दस्तगीर वस्ताद दारातल्या स्टुलावर बसतात.
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला,
दुसऱ्याची तारीख मिळायचीय.
टूल घासायला लागलं
की चहाचा कप खाली न ठेवता म्हणतात,
"धार गेली. काढ."
मी अजून एक कट घेतो,
मग काढतो.

त्यांच्या वेळी सूत होतं, थाऊ होता.
आता ड्रॉइंगवर मायक्रॉन येतात.
ते म्हणतात, नावं बदलली,
केस तेवढाच जाड आहे.
कान धरून त्यांनी मला एकच शिकवलं:
गरम जॉब खोटं बोलतो.
गार होऊ दे. मग विचार.

एप्रिलात चंपावती खोत आली
फुटका बुश ओच्यात घेऊन.
कळंब्याला तिचं कांडप यंत्र,
चटणीचे दिवस.
"नवाला आलोय मी, तुमचं शटर बंद.
तिकडं अकरा बायका मिरच्या घेऊन बसल्यात.
आत्ता पायजे."

जुना बुश चकात धरला, तोंड साफ करावं म्हणून,
आणि पहिल्याच फेऱ्यात मिरची उडाली.
मी शिंकलो. वस्ताद शिंकले.
शेजारच्या शेपिंगवरचा येसबा
शिवी अर्धी टाकून शिंकला.
सीएनसीच्या काचेमागं चिन्मय तेवढा
कोरड्या नाकानं मोबाईल बघत होता.

मग नायलॉनचा रॉड. ड्रिल, बोरिंग.
शेवया ओढून ओढून टोपलीत.
जॉब हातात घेतला
तर उकडलेल्या अंड्यासारखा.
व्हर्नियर लावला:
पस्तीस, वर दहा शतांश.
बरोबर.
बरोबर नव्हतं, ते मला माहीत होतं.
वीस मिनिटं खिडकीत ठेवायला हवा होता.
चंपावती दारात, पदरानं वारा घेत,
एक पाय आधीच पायरीखाली.
वस्तादांकडं पाहिलं.
ते मान मागं टाकून
डोळ्यात थेंब सोडत होते.

दिला.
तिनं पैसे मोजले,
वर स्टीलचा एक लहान डबा ठेवला.
डब्यावर माझ्या अंगठ्याचा काळा ठसा
घरी पोचेपर्यंत तसाच होता.

रविवारी तिच्या गल्लीत गेलो,
काम काहीच नव्हतं.
तीन दांडे चालू. धप्, धप्,
मग जरासं थांबून धप्.
तिसरा.
आवळून उतरतोय.
बायका खोबरं किती, हिंग किती यावर भांडत होत्या,
लाल धुरळ्यात त्यांचे डोळेच दिसत होते.
चंपावती मुसळांच्या आवाजावर ओरडली,
"झ्याक चाललंय की!"
मी मान हलवली.

चटणी चांगली आहे.
बायको वरून कच्चं तेल घालते,
पोरं दुसऱ्यांदा मागतात.

उद्या सोमवार.
बारीक पॉलिश पेपर घेऊन जायला हवं,
पाच मिनिटांचं काम.
पण वस्ताद विचारतील,
भर शिफ्टमध्ये कुठं निघालास?
काहीतरी सांगेन.
आणि ते कप खाली न ठेवता,
नुसत्या आवाजावरून